पानिपतचा हिवाळा

दक्षिणेतून उत्तरेत येऊन स्थायिक झालेल्या बहुतेक मराठी कुटुंबांत पहिल्या हिवाळ्याची आठवण निघते. थंडी आपणांस अगदीच अपरिचित असते असे नाही. पुणे-नाशिककडील पौषातली पहाटही चांगलीच बोचरी असते. परंतु तेथे आकाश निरभ्र असते; सूर्य वर आला की घोंगडी घडी करून ठेवावी आणि दुपारी सावली शोधावी, असा क्रम. उत्तरेच्या मैदानात पश्चिमेकडून येणारे झंझावात हिवाळ्यातही पाऊस पाडून जातात. मागाहून थंड वारे सुटतात, ओल्या जमिनीवर दाट धुके धरते आणि कित्येक दिवस सूर्यदर्शन घडत नाही. दक्षिणेतली थंडी रात्रीपुरती असते. येथे ती दिवसाही पाठ सोडत नाही. हा फरक आपल्या पूर्वजांपैकी हजारोंनी १७६०-६१ च्या हिवाळ्यात पानिपतावर अनुभवला.

मराठी फौजांना हिवाळा हा वैरी नव्हता. दसऱ्याला सीमोल्लंघन करावे, पावसाळ्यापूर्वी परतावे, ही मुलुखगिरीची जुनी रीत. शिंदे-होळकरांच्या पथकांना तर उत्तरेतील छावणीचा सराव होता. दत्ताजी शिंदे दिल्लीजवळ बुराडीच्या घाटावर पडले तो दिवसही १० जानेवारी १७६०, ऐन संक्रांतीचा. परंतु सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये जे सैन्य घेऊन निघाले, त्यातील पुष्कळांना हा प्रदेश नवा होता. शिवाय बरोबर बायकामुले, काशी-कुरुक्षेत्राच्या ओढीने निघालेले यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांचा मोठा लोंढा होता. लढणाऱ्यांपेक्षा न लढणाऱ्यांचीच संख्या अधिक होती.

या वेळी भरतपूरचा सूरजमल जाट याने भाऊंना एक सल्ला दिला. जड तोफा, बायकामुले आणि अनावश्यक सामान चंबळेपलीकडे किंवा माझ्या किल्ल्यात ठेवा. हलक्या घोडदळानिशी शत्रूची रसद तोडा, असा त्याचा आशय. या मुलखातील ऋतू, नद्या आणि धान्याच्या वाटा जाणणाऱ्या माणसाचा तो सल्ला होता. भाऊंना तो मानवला नाही आणि पुढे सूरजमल फौजेतून निघून गेला.

ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली, १७ ऑक्टोबरला कुंजपुरा पडला. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि मराठे व दिल्ली यांच्यामध्ये तो उभा राहिला. नोव्हेंबरच्या आरंभापासून पानिपत गावाभोवती खंदक खणून मराठ्यांनी मुक्काम केला. तो अडीच महिने लांबला, आणि नेमके हेच महिने या प्रदेशातील सर्वांत कडक थंडीचे.

थंडीशी सामना करावयास तीन गोष्टी लागतात: पोटात अन्न, अंगावर वस्त्र आणि जवळ सरपण. अफगाणांच्या अंगावर मेंढ्यांच्या कातड्याचे पोस्तीन होते आणि दुआबातून नजीबखानाच्या आश्रयाने त्यांना धान्य पोचत होते. मराठ्यांची ही तिन्ही साधने एकामागून एक आटत गेली. रसदेची भिस्त गोविंदपंत बुंदेल्यांवर होती. ते डिसेंबरात मारले गेले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने फारसीत लिहून ठेवलेल्या हकीकतीत छावणीची दशा दिसते. वैरण व लाकूडफाटा आणण्यासाठी रात्री बाहेर पडलेले असंख्य बुणगे अफगाणांनी कापून काढले. दिल्लीहून खजिना आणणारी तुकडी अंधारात वाट चुकून अफगाणांच्याच छावणीत शिरली. ही आपलीच माणसे समजून ती मराठीत बोलू लागली आणि तेथेच मारली गेली. अखेर सरदारांनी भाऊंना सांगितले की दोन दिवस कोणाच्या पोटात अन्न नाही. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू.

१४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. अशा उपाशी माणसांनी आणि खंगलेल्या घोड्यांनी दुपारपर्यंत शत्रूला जेरीस आणले. नुसत्या थंडीने पराभव केला असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. अब्दालीची राखीव फौज, उंटांवरील जंबुरके आणि त्याचे रणकौशल्य यांचा वाटा मोठा आहे. तथापि त्या दुपारी अंगात जे त्राण उरले नाही, ते अडीच महिन्यांच्या उपासाने आणि गारठ्याने नेले होते.

वाचलेले लोक फाटक्या वस्त्रांनिशी, कित्येक तर उघडेच, दक्षिणेकडे पळत सुटले. त्यांना पहिला आसरा मिळाला तो सूरजमलाच्या राज्यात. ज्याचा सल्ला नाकारला होता, त्यानेच अन्न दिले, अंगावर पांघरावयास कापड दिले, जखमींची शुश्रूषा केली आणि लोकांना पुढे वाटेस लावले. पानिपताच्या कथेतील हा भाग आपण फारसा सांगत नाही. तो सांगितला पाहिजे.

त्या रणातून पायाला कायमची जखम घेऊन महादजी शिंदे वाचले. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांना बैलावर घालून आणले असे सांगतात. महादजींनी पुढे त्यास भाऊ मानले. १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत आले आणि पुढील जानेवारीत बादशहा शाहआलम मराठ्यांच्या संरक्षणाखाली राजधानीत परतला. मथुरा-आग्र्याच्या परिसरात महादजी वर्षानुवर्षे राहिले. त्यांनी याच प्रदेशातील माणसे पलटणींत भरती केली, येथील लोकांशी नाते जोडले. उत्तर हा त्यांना एका मोहिमेचा मुक्काम राहिला नाही, ते त्यांचे घर झाले.

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी हा इतिहास आठवण्याचे कारण एवढेच. दिवाळीपूर्वी रजईतला कापूस पिंजून घ्यावा, शेगडी पेटवून दार पूर्ण लावू नये, धुक्याच्या सकाळी लहान मुलांस बाहेर नेऊ नये, हे आपणांस कोणत्याही पुस्तकाने शिकविलेले नाही. ते शेजारच्या भाभींनी आणि माताजींनी सांगितले. संक्रांतीस आपण त्यांच्या हातावर तीळगूळ ठेवतो आणि त्यांच्या घरची गजक आपल्या घरी येते. पानिपतावर ज्या सल्ल्याकडे पाठ फिरविली गेली, तसा सल्ला ऐकूनच आपली घरे येथे उभी राहिली आहेत.