नेटजवळचा अर्धा सेकंद

मैदानावर एखाद्या मुलाच्या हातून चेंडू सुटला की आम्ही शिक्षक पटकन बोलून जातो, "याचे हातच मंद आहेत." मीही हे बोललो आहे, एकदा नव्हे, अनेकदा. टेनिसमधल्या नेटजवळच्या खेळाचा इतिहास वाचला आणि मला माझ्याच वाक्याची लाज वाटली.

१८७७ साली विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली. २२ खेळाडू होते. जिंकला स्पेन्सर गोर, आणि तो जिंकला चेंडूचा टप्पा पडायच्या आत नेटजवळ उभं राहून तो परतवून, म्हणजे व्हॉली मारून. त्या वेळी नेट मधोमध ३ फूट ३ इंच, पण खांबांपाशी तब्बल ५ फूट उंच असे. त्यामुळे कडेने चेंडू काढणं अवघड, आणि मध्ये गोर उभा! पुढच्या वर्षी सिलोनहून सुट्टीवर आलेला कॉफीच्या मळ्याचा मालक फ्रँक हॅडो समोर आला. त्याने काय केलं? गोरच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकले. गोर हरला. त्याचे हात वर्षभरात मंद झाले होते का? नाही. तो चुकीच्या जागी उभा होता, एवढंच.

ही गोष्ट विल्यम रेनशॉला उमगली. नेटला चिकटण्याऐवजी तो सर्व्हिस लाइनच्या आसपास, म्हणजे नेटपासून साधारण ६.४ मीटरवर उभा राहून व्हॉली मारू लागला. डोक्यावरून जाणारा चेंडू आता त्याच्या टप्प्यात आला. शिवाय आणखी एक फायदा झाला. चेंडू ताशी १०० किलोमीटरने येतो असं धरलं, तर चार मीटर मागे सरकल्यावर सुमारे ०.१५ सेकंद जास्त मिळतात. डोळ्याला दिसल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला निदान ०.२ सेकंद लागतात, हे लक्षात घेतलं की ही कमाई किती मोठी ते कळतं. १८८१ च्या अंतिम सामन्यात रेनशॉने जॉन हार्टलीला ६-०, ६-१, ६-१ असं धुतलं, आणि पुढे एकूण सात वेळा विजेतेपद घेतलं.

याच काळाच्या थोडं आधी, १८६८ मध्ये, हॉलंडमध्ये डोंडर्स नावाच्या शास्त्रज्ञाने मोजून दाखवलं होतं की एकच ठरलेली कृती करायला जेवढा वेळ लागतो, त्याहून दोनांतून एक निवडायला जास्त लागतो. त्याचा टेनिसशी काही संबंध नव्हता. पण नेटजवळ नेमकं हेच घडतं. उजवीकडे की डावीकडे? त्यात पुन्हा रॅकेटची पकड बदलायची असेल तर संपलंच. म्हणूनच चांगले व्हॉली मारणारे दोन्ही बाजूंना एकच पकड ठेवतात, ज्याला काँटिनेंटल म्हणतात. एक निवड कमी झाली, वेळ वाचला. रॅकेट छातीसमोर धरायची, मागे न्यायची नाही, आणि समोरचा चेंडू मारण्याच्या क्षणी जागच्या जागी छोटी उडी घ्यायची, म्हणजे पाय जमिनीला टेकताच कुठल्याही बाजूला सुटता येतं. यातल्या कशानेही मज्जातंतू वेगवान होत नाहीत. वाचतो तो वेळ.

दुहेरीत तर चौघेही नेटजवळ आले की समोरासमोरचं अंतर पाच-सहा मीटरच उरतं. तेवढ्यात चेंडू ०.२ सेकंदात येतो. नुसतं बघून मारायचं म्हटलं तर कुणालाच जमणार नाही. आपला लिअँडर पेस तिथे जादूगार वाटायचा. पण समोरच्याचा खांदा आणि रॅकेटचा कोन वाचून चेंडू सुटण्याआधीच अंदाज बांधल्याशिवाय हे शक्यच नाही. आणि असा अंदाज हजारो चेंडू खेळूनच येतो.

परवा सरावाला एक मुलगा पुन्हा पुन्हा चुकत होता. रॅकेट गुडघ्यापाशी लोंबत होती. "वर धर, छातीसमोर," एवढंच सांगितलं आणि त्याला दोन पावलं मागे घेतलं. पुढचे तीन चेंडू त्याने परतवले. चौथा माझ्या कानाजवळून गेला.