गजाचा आवाज

ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे नुसते पाहून कळत नसे. दारू आणि गोळी नळीच्या तळाशी ठासलेली! म्हणून अमेरिकेच्या यादवी युद्धात तपासणीच्या वेळी शिपाई लोखंडी गज नळीत सोडत. गज खणखणला तर बंदूक रिकामी. आवाज बद्द आला तर आत बार आहे.

कवायतीत हे सोपे होते. पण जुलै 1863 मध्ये गेटिसबर्गच्या रणधुमाळीत तो आवाज ऐकणार कोण? दारू पेटवणारी टोपी फुसकी निघाली, तरी गदारोळात कळत नसे. शिपाई त्याच नळीत पुन्हा बार भरत. रणांगणावरून गोळा केलेल्या 27,574 बंदुकांपैकी सुमारे 24,000 भरलेल्या निघाल्याची नोंद आहे. निम्म्यांत दोन-दोन बार. एकीत तर 23!

हे वाचल्यापासून ‘बंदूक रिकामीच आहे’ या वाक्यावर माझा विश्वास उरलेला नाही. आजही नळी माणसांपासून दूर, बोट चापाबाहेर ठेवून आधी मॅगझिन काढायचे, मग चेंबर उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. तोवर प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. गेटिसबर्गच्या शिपायांना खात्री करायला उसंत नव्हती. आपल्याला ती असते.