पाइप भरणे
पाइप भरणे : धूम्रपानाच्या पाइपच्या वाटीत तंबाखू योग्य दाबाने बसविण्याची क्रिया. भूमध्य सागरी प्रदेशातील एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी वाढणाऱ्या गाठीपासून मिळणारे ब्रायर लाकूड या पाइपांसाठी विशेष वापरतात. फ्रान्समधील सँ-क्लोद हे त्यांच्या निर्मितीचे १९व्या शतकापासूनचे प्रसिद्ध केंद्र आहे.

तंबाखू फार ओलसर असल्यास ती मोकळी पसरून थोडी सुकवितात. वाटी साधारणपणे तीन थरांत भरतात : तळाचा थर सैल, मधला किंचित दाबलेला व वरचा घट्ट. न पेटविता ओढून पाहिल्यास हवा हलक्या अडथळ्याने यावी. तंबाखू ठासून भरल्यास पाइप वारंवार विझतो. फार सैल भरल्यास धूर तापून जीभ पोळते. पहिल्यांदा पेटविल्यावर तंबाखू फुगून वर येते. ती दाबणीने अलगद सपाट करून पुन्हा पेटवितात. नवा पाइप सुरुवातीला अर्धाच भरण्याचा प्रघात आहे; त्यामुळे आतून कार्बनचा संरक्षक थर तळापासून धरतो.

धूर छातीत न घेतला, तरी निकोटिनाचे व्यसन आणि ओठ, तोंड व घसा यांच्या कर्करोगाचा धोका टळत नाही.