सिकलसेल : काम हलके, वेतन तेच

गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुक्यात असलेले चिचगड हे जंगलाने वेढलेल्या आदिवासी भागातील गाव. धानाची शेती, तेंदूपाने व मोहफुले यांवर येथील जीवन चालते. पूर्व विदर्भातील आदिवासी व काही दलित समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यास आजार होतो. एकाकडूनच आल्यास व्यक्ती केवळ वाहक ठरते.

या आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे, थंडी व जंतुसंसर्ग यांमुळे तीव्र वेदनांचे झटके येतात. काहींच्या खुब्याचे हाड कालांतराने निकामी होते. पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकाला अशा वेळी तेच काम करणे अशक्य होते. मग राजीनामा किंवा खालचे पद, हे दोनच मार्ग त्याला दिसतात.

कायद्याने तिसरा मार्ग दिला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास सरकारी आस्थापनेला काढून टाकता येत नाही अथवा त्याची पदावनतीही करता येत नाही, असे कलम २० (४) सांगते. त्याला समान वेतनश्रेणीच्या व सेवालाभांच्या दुसऱ्या पदावर घ्यावे लागते. तसे पद नसल्यास अधिसंख्य पदावर ठेवता येते. १९९५ च्या कायद्यातील अशाच तरतुदीचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये, पाय गमावलेल्या कुणाल सिंग या जवानाच्या बाजूने निकाल दिला होता. सिकलसेल जन्मजात असला, तरी त्यातून सेवाकाळात आलेले अपंगत्व वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्राने सिद्ध करणे म्हणूनच महत्त्वाचे. पद सोडण्याचा अर्ज देण्यापूर्वी पर्यायी पदाची लेखी मागणी करणे हिताचे ठरते.

खासगी नोकरीला मात्र कलम २० (४) चे संरक्षण नाही. मे महिन्याच्या उन्हात तेंदूपाने तोडणाऱ्या अथवा चिखलात रोवणी करणाऱ्या मजुराला तर बदलीचे पदच नसते. त्याच्यासाठी हलके काम म्हणजे कमी मजुरी. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणी व उपचारांवर भर आहे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात. वेळीच निदान झाल्यास काम सोडण्याची वेळ लांबते. मजुराला त्याचा आधार होतो.