पिंपरी-चिंचवड परिसरातील विद्युत तार व केबल उद्योग : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड परिसराचा औद्योगिक इतिहास सामान्यतः मोठ्या कारखान्यांच्या नावांनी सांगितला जातो. १९५४ साली स्थापन झालेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १ ऑगस्ट १९६२ रोजी अस्तित्वात आलेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, त्या दशकात आलेले बजाज ऑटो व टेल्को आणि पुढे चाकणपर्यंत पसरलेला वाहन उद्योग असा हा परिचित क्रम आहे. या क्रमात जी वस्तू प्रत्येक यंत्रात, प्रत्येक वाहनात आणि प्रत्येक इमारतीच्या भिंतीत असते तिला, म्हणजे विद्युत तारेला, स्वतंत्र स्थान मिळालेले नाही. तयार मालाचा इतिहास लिहिला जातो. मध्यवर्ती मालाचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात या परिसरातील तार व केबल उद्योगाचा उगम, त्यामागील कारणे व त्याचे सामाजिक महत्त्व यांचा विचार केला आहे.

धातूकामाची पूर्वपीठिका

कासारवाडी हे पुणे-मुंबई लोहमार्गावरील दापोडी व पिंपरी यांच्या दरम्यानचे स्थानक होय. गावाच्या नावात 'कासार' हा धातूकामाशी व बांगड्यांच्या व्यवसायाशी निगडित शब्द आहे. तथापि केवळ ग्रामनामावरून प्राचीन धातूउद्योगाचा वारसा सिद्ध करणे इतिहासशास्त्राच्या दृष्टीने योग्य ठरणार नाही. पुणे शहरातील धातूकामाच्या परंपरेचा मात्र लेखी पुरावा उपलब्ध आहे. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये तांब्या-पितळेच्या कामाबरोबरच सोन्या-चांदीची तार ओढून कलाबतू तयार करण्याच्या व्यवसायाची नोंद आढळते. धातूची कांब छिद्रे असलेल्या पोलादी पट्टीतून क्रमाक्रमाने ओढून बारीक करणे ही त्या कामाची मूळ पद्धत होती. आजच्या कारखान्यात साधारण ८ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा गज डायच्या मालिकेतून ओढला जातो, तेव्हा तत्त्व तेच असते. कलाबतूमध्ये रेशमाच्या धाग्याभोवती धातू गुंडाळला जाई, तर केबलमध्ये धातूभोवती विद्युतरोधक वेष्टण चढविले जाते. मात्र तारकशांची ही परंपरा आणि आधुनिक केबल उद्योग यांच्यात सरळ वंशसंबंध जोडता येत नाही. आधुनिक उद्योगाची कारणे अन्यत्र शोधावी लागतात.

विजेचे आगमन व आयातीवरील अवलंबन

टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. त्यानंतर भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही केंद्रे उभी राहिली. १९२९-३० च्या सुमारास मुंबई-पुणे लोहमार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. सह्याद्रीच्या पाण्यावर वीज निर्माण झाली, परंतु ती वाहून नेणारी तार मुख्यतः परदेशातून येत असे. १९२० च्या दशकात जमशेदपूर येथे केबलनिर्मिती सुरू झाली आणि १९५२ साली रूपनारायणपूर येथे टेलिफोन केबलसाठी हिंदुस्तान केबल्स हा सरकारी उपक्रम स्थापन झाला. हे दोन्ही प्रयत्न पूर्व भारतातील होते. पश्चिम महाराष्ट्रातील व्यापारी या काळात प्रामुख्याने विक्रेताच राहिला.

विक्रेत्याकडून उत्पादकाकडे

या पार्श्वभूमीवर फिनोलेक्स केबल्सचा इतिहास महत्त्वाचा ठरतो. प्रल्हाद छाब्रिया (१९३०-२०१६) यांचा जन्म कराची येथे झाला. लहान वयातच पितृछत्र हरपल्यामुळे त्यांना कापडाच्या दुकानात साफसफाईचे काम करावे लागले. पुढे पुण्यात बंधू किशन छाब्रिया यांच्यासह त्यांनी विद्युत साहित्याच्या विक्रीचा व्यवसाय केला. संरक्षण खात्याकडून रणगाड्यांसाठी लागणाऱ्या वायर हार्नेसचे, म्हणजे ठरावीक लांबीच्या तारांच्या एकत्र बांधलेल्या जुडग्यांचे काम मिळाल्यानंतर या व्यवसायाला उत्पादनाची दिशा मिळाली. १९५८ साली पुण्यात उद्योगाची स्थापना झाली व वाहन उद्योगासाठी पीव्हीसी वेष्टित केबल तयार होऊ लागली. पुढे पिंपरी येथे मुंबई-पुणे रस्त्यालगत कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि कालांतराने मावळ तालुक्यातील उर्से व गोवा येथे विस्तार झाला.

येथे कालक्रम लक्षात घेणे आवश्यक आहे. १९५८ साली औद्योगिक विकास महामंडळ नव्हते आणि टेल्कोचा पुण्याचा कारखानाही नव्हता. त्या काळी देशातील वाहने मुंबई, जमशेदपूर, कोलकाता व मद्रास येथे तयार होत. म्हणजेच या परिसरातील केबल उद्योग हा स्थानिक वाहन कारखान्यांच्या सावलीत वाढलेला पूरक उद्योग होता, हे प्रचलित गृहीतक किमान त्याच्या उगमापुरते टिकत नाही. त्याच्या मुळाशी लष्कराची मागणी होती. खडकीचा दारूगोळा कारखाना, देहूरोडची लष्करी भांडारे व कासारवाडीला लागून असलेल्या दापोडीचे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे पुण्याच्या या बाजूला लष्करी यंत्रसामग्रीचा वावर आधीपासून होता.

छाब्रिया यांच्या आत्मकथनाचे शीर्षकच, कोणीही माणूस केवळ स्वतःच्या बळावर घडत नाही, अशा आशयाचे आहे. उद्योजकचरित्रांकडे व्यक्तिमाहात्म्य म्हणून पाहण्याची सवय असलेल्या अभ्यासकांनी या शीर्षकाची दखल घ्यावयास हवी. लष्करी मागणी, आयातनिर्बंध व नवे रसायन यांच्या संयोगाविना हा उद्योग उभा राहिला नसता.

कच्चा माल व धोरण

पूर्वीच्या घरगुती वायरिंगमध्ये रबरी वेष्टण व त्यावर सुती विणकाम असलेल्या तारा वापरल्या जात. रबर काळानुसार कडक होऊन तडकते. पीव्हीसीने ही अडचण दूर केली. देशात पीव्हीसीचे उत्पादन १९६० च्या दशकाच्या प्रारंभी सुरू झाले. तोपर्यंत हा कच्चा माल आयात करावा लागे. तांब्याचीही टंचाई होती. हिंदुस्तान कॉपर ही सरकारी कंपनी १९६७ साली स्थापन झाली, तरी देशाची गरज आयातीविना भागत नव्हती. त्यामुळे शासनाने तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या वापरास उत्तेजन दिले.

या धोरणाचा परिणाम घराघरांत पोहोचला. ॲल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते. म्हणून तेवढाच प्रवाह वाहण्यासाठी तार अधिक जाड लागते. शिवाय तिच्यावर ऑक्साइडचा थर बसतो आणि दाबाखाली धातू हळूहळू सरकत असल्याने जोड सैल होतात. सैल जोड तापतो, आणि तापलेला जोड आगीस कारण ठरतो. परकीय चलन वाचविणारे धोरण अशा रीतीने भिंतीतील जोखीम वाढविणारेही ठरले. आर्थिक इतिहासात या किमतीची नोंद सहसा होत नाही.

मापनाचा इतिहासही बोलका आहे. १९५६ च्या कायद्यानंतर देशात दशमान पद्धती आली, तरी वायरमनच्या तोंडी ३/२२ किंवा ७/२० अशी गेजची मापे दीर्घकाळ राहिली. ३/२२ म्हणजे २२ गेजच्या तीन तारा. त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १.२ चौरस मिलिमीटर भरते. आज तार चौरस मिलिमीटरमध्ये मोजली जाते, परंतु घरगुती तारेचे भेंडोळे ९० मीटरचे असते. हा आकडा शंभर वारांच्या जुन्या मापाच्या अगदी निकट आहे.

मानके व सुरक्षितता

पीव्हीसी वेष्टित तारांसाठी आयएस ६९४ हे भारतीय मानक आहे. त्याच्या १९९० च्या आवृत्तीत ११०० व्होल्टपर्यंतच्या तारांचा समावेश होता. २०१० च्या आवृत्तीत ४५०/७५० व्होल्ट ही मर्यादा निश्चित करण्यात आली. २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने विद्युत तारा व केबलसाठी मानकचिन्ह बंधनकारक केले. तरीही वेष्टणाखाली तांबे कमी वापरण्याचा मोह बाजारातून गेलेला नाही, कारण खरेदीदाराला तारेचा रंग दिसतो, तिचे क्षेत्रफळ दिसत नाही. सामान्य पीव्हीसी वेष्टणासाठी वाहकाचे कमाल तापमान ७० अंश सेल्सिअस धरलेले असते. बारीक तारेवर अधिक भार पडला की ही मर्यादा ओलांडली जाते. ज्वालारोधी म्हणून विकली जाणारी तार ज्वाला पसरण्यास प्रतिबंध करते; अतिभारामुळे होणारी तापवाढ ती थांबवीत नाही. हा भेद ग्राहकापर्यंत पोहोचविणे हे शिक्षणसंस्थांचेही काम आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, या परिसरातील केबल उद्योग वाहन उद्योगाचे अपत्य नसून त्याचा समकालीन व काही अंशी पूर्वगामी आहे. दुसरी, त्याची घडण लष्करी मागणी, निर्वासित व स्थलांतरित व्यापाऱ्यांचे परिश्रम आणि आयातपर्यायी धोरण यांतून झाली. तिसरी, या धोरणाचे ओझे ग्राहकाच्या सुरक्षिततेवरही पडले.

१९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झालेल्या या गावांचे रूप झपाट्याने बदलले आहे. ६ मार्च २०२२ पासून कासारवाडीला मेट्रोचे स्थानक आहे. मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या जुन्या औद्योगिक जागांवर निवासी व व्यापारी संकुले उभी राहत आहेत. कारखाना हलतो तेव्हा यंत्रे विकली जातात, परंतु हजेरीपत्रके, दरपत्रके, चाचणी नोंदवह्या व माल-सूची रद्दीत जातात. लहान कारखान्यांच्या बाबतीत तर हीच इतिहासाची एकमेव साधने असतात. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांनी एकत्र येऊन निवृत्त कामगार व वायरमन यांच्या मुलाखती नोंदविणे आणि ही कागदपत्रे ग्रंथालयात जतन करणे निकडीचे आहे. हे काम त्या पिढीच्या हयातीतच व्हावयास हवे. अन्यथा या औद्योगिक नगरीचा इतिहास केवळ मोठ्या कारखान्यांच्या स्मरणिकांवरून लिहावा लागेल.