उसण : पाठदुखीचा मराठवाडी इतिहास

वाकून उठताना पाठीत एकाएकी कळ येते आणि अंग जागच्या जागी धरून बसते. श्वास घ्यायचीही भीती वाटते. याला मराठीत ‘उसण भरणे’ म्हणतात. उसण जशी भरते तशी उतरतेही, म्हणजे भाषेनेच तिला पाहुणी ठरवले आहे. अंगदुखीसाठी मराठवाड्याच्या बोलीत शब्दांची वाण कधी नव्हती. ठणका, चमक, लचक, सल, मुंग्या, आखडणे, अवघडणे, शिणणे ही त्यातली काही नावे, आणि प्रत्येकाची जात वेगळी. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये रुग्णांच्या तोंडचे वेदनेचे ७८ शब्द २० गटांत मांडून एक प्रश्नावली केली. खेड्यातली म्हातारी ‘ठणकतंय का सलतंय’ असे विचारायची, तेव्हा ती याच प्रकारची वर्गवारी करत असे.

नांदेडहून हिंगोलीच्या वाटेवर वीसेक किलोमीटरवर असलेला अर्धापूरचा पट्टा केळी आणि हळदीचा. ही दोन्ही पिके पाठीची परीक्षा पाहतात. केळीचा वीस-पंचवीस किलोंचा घड कापायचा, खांद्यावर किंवा डोक्यावर घेऊन वाफ्यातल्या चिखलातून गाडीपर्यंत न्यायचा, आणि घड दबता कामा नये म्हणून सावकाश ठेवायचा. हळदीची लागवड, खुरपणी आणि काढणी वाकूनच होते. त्यात कापसाची वेचणी आणि घरचे पाणी आले, आणि हे वाकणे बहुतेक बायकांच्या वाट्याचे. काम गुत्त्याने असेल तर जितके उरकेल तितका पैसा. म्हणून एक दिवस अंग तोडून काम आणि पुढचे दोन दिवस बाज, असा क्रम पडतो. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पाठदुखी जुनी होण्यामागे त्याचा हात असतो.

उसण भरली की पहिला निरोप जाई तो पायाळूला. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि त्याने उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की ती उतरते, अशी समजूत महाराष्ट्रभर आढळते. पाय लावण्यात औषध काहीच नाही. पण तेवढ्या वेळात अनेक गोष्टी घडत: धरून बसलेला माणूस पालथा झोपे, पाठ सैल सोडे, कोणीतरी हलका दाब देई, आणि ‘आता उतरेल’ हे चारचौघांसमोर सांगितले जाई. ताजी उसण बहुधा काही दिवसांत आपोआप उतरते, त्यामुळे पायाळूची कीर्ती अबाधित राहिली.

घरगुती उपाय उष्णतेचे होते. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडाच्या पानाला तेल लावून बांधणे, आंबेहळदीचा लेप आणि वर गरम विटेची धग. बिब्बा मात्र जहाल. त्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात, आणि दुखऱ्या जागी त्याचे ठिपके दिले की आतला ठणका बाहेरच्या आगीपुढे मागे पडतो. त्याचे काळे डाग अनेक म्हाताऱ्यांच्या पाठीवर जन्मभर राहिले. गावोगाव फिरणारे वैदू तुंबडी लावत. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथे हकिमांची परंपराही नांदली. युनानीत औषधाआधी ‘इलाज बित तदबीर’ येतो. त्यात दलक म्हणजे मालिश, हिजामा म्हणजे शिंगी-तुंबडी आणि रियाजत म्हणजे व्यायाम. वैद्य अशा दुखण्याला वाताच्या खात्यात टाकत. नितंबापासून पायात उतरणाऱ्या कळेला चरकसंहितेतल्या वातव्याधीच्या अध्यायात ‘गृध्रसी’ हे नाव आहे. तीच आजची सायटिका.

आयुर्वेदातली एक गोष्ट मात्र तेला-लेपांच्या गर्दीत हरवली. सुश्रुत आणि वाग्भट व्यायाम सांगताना त्याचे मापही सांगतात: अर्ध्या शक्तीइतकाच. कपाळावर घाम आला, तोंडाने श्वास घ्यावा लागला की थांबायचे. तालमीतल्या वस्तादांनी हे माप बैठका-जोरांच्या आकड्यांत बसवले. नवख्याला पहिल्या दिवशी किती काढायच्या हे वस्ताद ठरवी, आणि अंग भरून आले तरी दुसऱ्या दिवशी तालमीत यावे लागे, कमी काढायच्या पण यायचे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत कुस्त्यांचा फड गाजवणाऱ्या पैलवानांची अंगे अशीच घडली. शेतमजुराला मात्र असा वस्ताद कधी मिळाला नाही. त्याचे माप ठरवणारा गुत्तेदार होता.

विसाव्या शतकाने पाठदुखीला चित्र दिले. अमेरिकेत मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी १९३४ मध्ये मणक्यांमधली सरकलेली चकती नसेवर दाब देते हे दाखवले. शोध खरा होता, पण त्याची सावली फार लांब पडली. बहुतेक पाठदुखी चकतीची नसताना प्रत्येक पाठीत सरकलेले काहीतरी शोधले जाऊ लागले. उपाय ठरला सक्तीची विश्रांती: फळीवर झोपणे, वजने लावून ताण देणे, कमरेला पट्टा. एक्स-रे आणि पुढे एमआरआय तालुक्याच्या माणसाच्या आवाक्यात आले, तेव्हा ‘मणक्यात गॅप’ हा शब्द मराठवाड्याच्या घराघरांत शिरला. उसण उतरते, गॅप कुठे उतरणार? एका शब्दाने पाहुणी घरची झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, अजिबात पाठ न दुखणाऱ्यांपैकीही विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. केस पिकावेत तसे हे. पण रिपोर्ट हातात घेऊन घरी आलेला माणूस वाकायचे सोडतो, मग स्नायू दुबळे होतात, मग थोडे वाकले तरी दुखते, आणि भीती खरी ठरते.

विश्रांतीच्या हुकमाला तडा गेला तो १९८६ मध्ये. अमेरिकी डॉक्टर रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी पाठदुखीच्या रुग्णांचे दोन गट करून एकाला दोन दिवस, दुसऱ्याला सात दिवस झोपून राहायला सांगितले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे कमी झाले, बाकी गुण सारखाच. त्याआधी १९६५ मध्ये मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘दरवाजा सिद्धांत’ मांडला होता. वेदनेचा संदेश मज्जारज्जूत जणू एका दारातून जातो, आणि ते दार स्पर्शाने, वरून मेंदूतून येणाऱ्या संदेशांनी कमी-अधिक उघडते. शेक, मालिश आणि पायाळूचा पाय यांना काही अंशी तरी शास्त्राचा आधार इथे मिळतो. सिएटलचे मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी जुनाट वेदनेसाठी आणखी साधी गोष्ट केली. दुखेपर्यंत व्यायाम आणि दुखले की विश्रांती, हा नियमच त्यांनी मोडला. आकडा आधी ठरवायचा, तो माणसाच्या ताकदीच्या आतला ठेवायचा, तेवढा झाला की थांबायचे, आणि तो हळूहळू वाढवायचा. वाग्भटाची अर्धी शक्ती आणि वस्तादाचा आकडा दवाखान्यात परत आला.

महाराष्ट्रात हे वळण योगाच्या वाटेने लवकर आले होते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढले आणि आसनांचा शरीरावर होणारा परिणाम एक्स-रे लावून तपासायला सुरुवात केली. १९३७ पासून पुण्यात शिकवणाऱ्या बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, पट्टे, खुर्च्या, लाकडी ठोकळे वापरून ताठर आणि दुखऱ्या अंगालाही आसन करता येईल अशी सोय केली. वेदनेसह जगण्याचे मोठे उदाहरण विदर्भात होते. कुष्ठरुग्णांसाठी काम करणारे बाबा आमटे यांना मणक्याच्या विकारामुळे बसता येत नसे. त्यांनी उरलेले आयुष्य आडवे होऊन किंवा उभे राहून काढले. तरीही डिसेंबर १९८५ मध्ये ते ‘भारत जोडो’ यात्रेत कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, वाहनात झोपून. दुखणे बरे होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली, तिच्यात तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले. आता अशा रुग्णाला चालणे, पाठ-पोटाचे व्यायाम, पुरेशी झोप आणि ‘दुखते म्हणजे आत काही मोडलेच असे नाही’ ही समजूत एकत्र दिली जाते. केळीच्या बागेत त्याचा अर्थ रोजच्या कामाच्या पातळीवर येतो: घड दोघांनी उचलणे, खुरपताना मधूनमधून उभे राहून पाठ मागे वाकवणे, बरे वाटते त्या दिवशी सगळे काम न उरकणे, दुखते त्या दिवशीही थोडे चालून येणे. गुत्त्याच्या कामात यातले शेवटचे दोन सर्वांत अवघड.

काही पाठदुखीला मात्र चालणे लागू नाही. रात्री झोपेतून उठवणारी कळ, सोबत ताप किंवा वजन घटणे, पायातली ताकद जाणे, जांघेभोवती बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, अशी लक्षणे असतील तर लगेच तपासणी लागते. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून आढळतो, आणि तो निर्गुडीच्या शेकाखाली महिनोन्‌महिने झाकून राहू शकतो.