गवताखालचे खंदकवेष्टित वाडे

इंग्लंडच्या मध्य वा पूर्व भागातील एखाद्या कुरणात चौकोनी, उथळ चर आणि त्याच्या मधोमध किंचित उंच, सपाट भूखंड दिसतो. पावसाळी दिवसांत चरात पाणी साचते. एरवी तेथे गुरे चरतात. पुरातत्त्वीय नोंदीत अशा जागेचे वर्णन ‘मध्ययुगीन खंदकवेष्टित वाड्याचे संभाव्य अवशेष’ असे केले जाते. यातील ‘संभाव्य’ हा शब्द अकारण नाही. शोभेची जलोद्याने, फळबागांभोवतीचे चर, गुरांचे कोंडवाडे यांच्या खुणाही कालांतराने अशाच दिसू लागतात.

इंग्लंडमध्ये सुमारे ६,००० खंदकवेष्टित स्थळे ज्ञात असून त्यांपैकी बहुतेकांची उभारणी इ. स. १२५० ते १३५० या काळातील आहे. खंदक म्हटला की किल्ला आणि वेढा आठवतो. येथे मात्र चोर आणि जनावरे यांना अटकाव होई, तेवढाच संरक्षणाचा भाग. खरा हेतू प्रतिष्ठेचा होता. बड्या सरदारांच्या गढ्यांभोवती पाणी, तर आपल्याही दाराशी ते असावे, ही लहान जमीनदारांची हौस. एसेक्स, सफोक या परगण्यांतील चिकणमाती पाणी धरून ठेवते, त्यामुळे तेथे ही स्थळे दाटीने आढळतात. खोदलेली माती आत टाकून बेट उंच करीत. त्यावर मुख्य दालन, स्वयंपाकघर, कोठारे आणि क्वचित प्रार्थनागृह असे. धार्मिक उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असल्याने शेजारी मत्स्यतळीही राखली जात.

वॉरिकशायरमधील बॅड्झ्ली क्लिंटन किंवा नॉरफोकमधील ऑक्सबरो हॉल यांसारखे वाडे आजही पाण्याने वेढलेले उभे आहेत. बहुसंख्य वाडे मात्र लाकडी होते. ते गेले आणि उरला तो मातीचा आकार. उतरत्या उन्हात या उंचवट्यांच्या सावल्या लांबतात, म्हणून विमानातून घेतलेली छायाचित्रे त्यांच्या शोधात फार उपयोगी पडली. अलीकडे लेझर किरणांनी भूपृष्ठ मोजणाऱ्या लायडार तंत्राने झाडीखालचे चरही उघड केले आहेत. तरीही अंतिम उत्तर उत्खननातील खापरे आणि पायाच देतात.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या यांत्रिक नांगरणीत यातील अनेक चर बुजले. १९७९ च्या प्राचीन वास्तू कायद्यानुसार सूचीतील स्थळी परवानगीवाचून खोदकाम करणे गुन्हा आहे. परंतु सूचीत येण्यासाठी स्थळाचे राष्ट्रीय महत्त्व पटावे लागते, आणि केवळ ‘संभाव्य’ असलेल्या जागेला ते सिद्ध करणे अवघड जाते. खंदकाच्या तळाशी असलेल्या ओल्या गाळात हवा पोहोचत नसल्याने लाकूड, चामडे, बिया, परागकण शतकानुशतके टिकतात. जमिनीतील पाण्याचा निचरा करून शेत कोरडे केले, की हा ठेवा वरून काहीच न दिसता आतल्या आत कुजून जातो.